सुभद्रेचे लाकूड : पुरीच्या दारुमूर्तीचा कागदोपत्री माग

मूर्तीसाठी कोणते झाड तोडू नये, याची यादी वराहमिहिराने सहाव्या शतकात 'बृहत्संहिते'त करून ठेवली आहे. स्मशानातले नको, वाटेवरचे नको, देवळाजवळचे नको, वारुळाशेजारचे नको. घागरीने पाणी घालून वाढवलेले नको. वेलींनी वेढलेले, वाकडे, वाऱ्याने किंवा हत्तीने मोडलेले, वीज पडलेले, आगीत होरपळलेले, मधाचे पोळे असलेले झाडही नको.

आता पुरीच्या परंपरेतली यादी पाहू. जगन्नाथ, बलभद्र, सुभद्रा आणि सुदर्शन या चौघांच्या मूर्ती कडुनिंबाच्या लाकडाच्या असतात आणि ठरावीक वर्षांनी त्या नव्याने घडवल्या जातात. त्यासाठी झाड शोधायला निघालेले सेवक काय पाहतात? झाडाजवळ नदी किंवा तळे हवे, जवळपास स्मशान हवे, बुंध्याशी वारूळ हवे आणि तिथे सापाचा वावर हवा. बुंध्यावर पक्ष्यांची घरटी नसावीत, वीज पडलेली नसावी. सुभद्रेच्या झाडाची साल पिवळसर हवी, त्याला पाच मुख्य फांद्या हव्यात आणि खोडावर पाच पाकळ्यांच्या कमळासारखी खूण दिसावी.

वीज पडलेले झाड दोन्ही याद्यांना नको आहे. स्मशान आणि वारूळ यांच्याबाबत मात्र त्या एकमेकींच्या थेट विरुद्ध जातात. शास्त्र जे टाळायला सांगते तेच पुरीत निवडीचे लक्षण ठरते. हा तपशील किरकोळ वाटेल, पण पुरीच्या लाकडी देवीचा इतिहास लिहायचा तर मला हाच धागा सर्वांत भक्कम वाटतो. ही मूर्ती एका ग्रंथातून उतरलेली नाही. तिच्या घडणीत ग्रंथाचा वाटा आहे आणि रानातल्या झाडाशी ग्रंथाआधीपासून नाते असलेल्या माणसांचाही आहे. उपलब्ध साधने नीट लावून पाहिली तर हे दोन वाटे आजही वेगळे ओळखता येतात.

मधली देवी

पुरीच्या रत्नसिंहासनावर सुभद्रा दोन भावांच्या मध्ये असते. ही जागा ग्रंथांना ठाऊक आहे. बृहत्संहितेच्या प्रतिमालक्षणाच्या अध्यायात बलदेव आणि कृष्ण यांच्यामध्ये एकानंशा नावाची देवी करावी, असे सांगितले आहे. तिचा डावा हात कमरेवर असावा आणि दुसऱ्या हातात कमळ असावे. चार हातांची आणि आठ हातांची एकानंशा कशी करावी, हेही पुढे येते. म्हणजे शास्त्राने तीन पर्याय दिले. पुरीची सुभद्रा या तिन्हींत बसत नाही, कारण तिला हातच दिसत नाहीत. मोठे मस्तक, त्याखाली आखूड धड, इतकाच तिचा देह. बलभद्र आणि जगन्नाथ यांना निदान पुढे आलेले खुंटासारखे बाहू आहेत, तिला तेही नाहीत. उंचीतही ती लहान आहे. परंपरेने दिलेली मापे यवांत, म्हणजे सातूच्या दाण्यांत, मोजतात. भावांची उंची ८४–८५ यवांच्या घरात जाते, सुभद्रेची पन्नाशीच्या थोडी वर थांबते.

ब्रह्मपुराणातले पुरुषोत्तमक्षेत्राचे अध्याय यापुढचा दुवा देतात. तिथे इंद्रद्युम्न राजा समुद्रकाठचे झाड तोडतो, ब्राह्मणाच्या वेशात आलेला विश्वकर्मा त्यातून तीन मूर्ती घडवतो आणि त्या तत्काळ पूर्ण होतात. तिसरी मूर्ती सुभद्रेची. ती सोन्याच्या वर्णाची, कमळाच्या पानासारख्या लांबट डोळ्यांची, हार आणि केयूर घातलेली आहे. केयूर म्हणजे बाजूबंद, तेव्हा पुराणकाराच्या डोळ्यांसमोरच्या देवीला दंड होते. पण वर्ण आणि डोळे पुरीच्या आजच्या मूर्तीशी जुळतात. जगन्नाथाचे डोळे वाटोळे असतात, सुभद्रेचे दोन्ही टोकांना निमुळते होतात, आणि तिचा चेहरा पिवळा असतो. रंग आणि नजर ग्रंथाशी जुळते, अंगलट जुळत नाही.

राणीने मुदतीआधी दार उघडले, म्हणून सुताराने काम टाकले आणि मूर्ती अपुऱ्या राहिल्या, ही सर्वांच्या तोंडी असलेली कथा ब्रह्मपुराणाच्या या कथानकात नाही. हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. कथा मूर्तीचे रूप समजावून सांगण्यासाठी आली. रूप आधी होते, स्पष्टीकरण मागाहून जोडले गेले.

मग ओडिशाच्या गंग राजांच्या काळातल्या कलावंतांना हातापायांची सुभद्रा घडवता येत नव्हती का? येत होती. भुवनेश्वरचे अनंत वासुदेव मंदिर १२७८ मध्ये तिसऱ्या अनंगभीमाची मुलगी चंद्रिकादेवी हिने बांधवले. तिथल्या गाभाऱ्यात हेच त्रिकूट दगडात आहे. सात फण्यांच्या नागाखाली बलराम, शंख-चक्र-गदा-पद्म घेतलेला कृष्ण आणि मध्ये सुभद्रा. तिच्या एका हातात रत्नकुंभ, दुसऱ्यात कमळ, आणि डावा पाय आणखी एका कुंभावर. एकाच घराण्याच्या राज्यात, फार तर पन्नास-साठ किलोमीटरच्या अंतरात, एकच देवी दगडात सर्वांगाने उभी आहे आणि लाकडात हातांविना. कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या शिल्पांत, म्हणजे तेराव्या शतकाच्या मध्यावर, राजा नरसिंहदेव ज्या जगन्नाथासमोर उभा दिसतो तो आजच्यासारखाच खुंटबाहू आहे. लाकडी रूप तेव्हा ठरून गेलेले होते. त्या शिल्पात जगन्नाथाच्या बाजूला शिवलिंग आहे आणि देवी आहे ती महिषासुरमर्दिनी दुर्गा. पुरीच्या आवारातल्या पाताळेश्वर मंदिरातला १२३७ चा मानला जाणारा लेख मात्र नांगरधारी, चक्रधारी आणि सुभद्रा असा तिघांचा उल्लेख करतो. या दोन पुराव्यांतून इतके दिसते की त्रिकुटातल्या देवीची जागा पक्की होती, आणि त्या शतकात तिची ओळख सुभद्रा आणि दुर्गा या दोन नावांच्या दरम्यान हलती होती. आजही सुभद्रेची पूजा भुवनेश्वरीच्या मंत्राने होते.

खांबातली देवी

हातांविना, खोडासारखी देवी ओडिशात आणखी कुठे आढळते? इथे ताम्रपट कामी येतात. पाचव्या-सहाव्या शतकातल्या तुष्टिकार नावाच्या राजाचा तेरसिंगा येथे सापडलेला ताम्रपट त्याला स्तंभेश्वरीचा भक्त म्हणतो. पुढे शुल्की घराण्याच्या दानपत्रांतही हीच देवी कुलदैवत म्हणून येते. ओडिशाच्या पश्चिम आणि दक्षिण डोंगरी मुलखात ती खंबेश्वरी म्हणून अजून पुजली जाते आणि गंजाम जिल्ह्यातल्या आस्क्याचे तिचे देऊळ प्रसिद्ध आहे. तिचे मूळ रूप लाकडी खांबाचे. कंध आणि शबर यांच्या वस्त्यांमध्ये देवाचा खांब जुना झाला की नवा रोवतात, आणि तो नुसता बदलत नाहीत, विधीपूर्वक बदलतात.

१९७८ मध्ये अ‍ॅनशार्लोट एशमान, हर्मान कुळके आणि गयाचरण त्रिपाठी यांनी संपादित केलेल्या जगन्नाथविषयक ग्रंथात एशमान यांनी याच खांबविधींची पुरीच्या नवकलेवराशी, म्हणजे मूर्ती नव्याने घडवण्याच्या विधीशी, तुलना केली. झाड शोधणे, त्याची पूजा, तोड, गावात आणणे, नव्यात प्राण घालणे आणि जुन्याची बोळवण हे टप्पे दोन्हीकडे एकाच क्रमाने येतात. त्याआधी १८५४ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी पुरीच्या तीन मूर्तींचा आकार सांचीच्या बौद्ध त्रिरत्नचिन्हाशी जोडून पाहिला होता. तो तर्क बाह्यरेषेवर उभा होता. एशमान यांचा तर्क कृतींच्या क्रमावर उभा आहे, म्हणून मला तो जास्त वजनाचा वाटतो. मूर्तीची बाह्यरेषा योगायोगानेही जुळू शकते, पण सहा-सात कृतींची साखळी तशी जुळत नाही.

सुभद्रा म्हणजेच खंबेश्वरी, असे समीकरण मात्र कागदपत्रांवरून मांडता येत नाही आणि मांडूही नये. एवढे म्हणता येते की लाकडाच्या खांबात देवी पाहणारा आणि तो खांब वेळोवेळी बदलणारा समाज त्या मुलखात किमान दीड हजार वर्षे आहे. राजे त्या देवीचे भक्त म्हणवून घेत होते. आणि पुरीतल्या चौघांत त्या खांबाच्या सर्वांत जवळ जाणारे अंग सुभद्रेचेच आहे.

जळिताचा कागद

लाकडी मूर्तीला दगडी मूर्तीपेक्षा शत्रू जास्त. १५६८ मध्ये बंगालच्या सुलेमान कर्रानीच्या सैन्याने ओडिशा जिंकला. सेनापती काळापहाडाने पुरीच्या मूर्ती आगीत टाकल्या आणि पुढे समुद्रात फेकल्या, असे अबुल फजल 'आईन-इ-अकबरी'त सांगतो. त्या पुन्हा स्थापन झाल्याचेही तोच नोंदवतो. देवळातली ताडपत्री बखर 'मादळा पंजी' हीच घटना आतल्या बाजूने सांगते. बिसर महांती नावाच्या भक्ताने अर्धवट जळालेल्या मूर्तींतले ब्रह्म, म्हणजे धडात ठेवलेले गुप्त पवित्र द्रव्य, मृदंगात दडवून कुजंगला नेले आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस खुर्द्याचा राजा रामचंद्रदेव याने ते परत आणून नव्या मूर्ती बसवल्या.

दोन्ही साधनांना आपापला कल आहे. पंजीचा बराच भाग खुर्द्याच्या राजांच्या आश्रयाने सिद्ध झाला, तेव्हा रामचंद्रदेवाचा मोठेपणा तीत ठळक येणारच. अबुल फजल दूरवरून, ऐकीव माहितीवर लिहीत होता. कृष्ण, त्याचा भाऊ आणि बहीण यांच्या मूर्ती चंदनाच्या आहेत, असे तो म्हणतो. पुरीच्या परंपरेत लाकूड कडुनिंबाचेच. पण ही चूक फेकून देण्यासारखी नाही. दर्शनाला जाणाऱ्याला मूर्तीचे लाकूड कधीच दिसत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचतो तो चंदन, कापूर आणि राळेचा वास. माहिती देणाऱ्याने नाकाला जे कळले ते सांगितले असावे. तसे असेल तर लाकूड लेपांनी पूर्ण झाकण्याची रीत सोळाव्या शतकातही होती, याचा हा आडवाटेने मिळालेला दाखला ठरतो.

पुढचा एक टप्पा मराठी वाचकाच्या घरचा आहे. १७५१ च्या तहाने अलिवर्दीखानाने ओडिशा नागपूरच्या रघूजी भोसल्यांकडे सोडला आणि १८०३ पर्यंत तो मुलूख भोसल्यांच्या अमलाखाली राहिला. शिवभट साठे यांच्या सुभेदारीच्या काळात खुर्द्याच्या राजाकडून पुरीचे क्षेत्र मराठ्यांकडे आले आणि देवळाचा कारभार नागपूरच्या सरकारी जमाखर्चात शिरला. कोणार्कचा अरुणस्तंभ पुरीच्या सिंहद्वारासमोर आणून उभा केला तोही मराठ्यांच्या राजवटीत. सप्टेंबर १८०३ मध्ये इंग्रजांनी पुरी घेतली आणि त्याच वर्षी डिसेंबरात देवगावच्या तहाने कटक प्रांत भोसल्यांच्या हातून गेला.

नव्या सरकारला पहिला प्रश्न पडला तो देवळाच्या खर्चाचा आणि नेमणुकांचा. त्यासाठी चार्ल्स ग्रोम याने जून १८०५ मध्ये अहवाल दिला. इंग्रजांच्या काळातला हा पहिला सविस्तर कागद आणि त्यात दिसणारी व्यवस्था मराठी अमलातून हाती आलेली. देवळात कोण कोणते काम करतो, त्याबद्दल त्याला काय मिळते, हा त्याचा विषय. पुढे १८०६ आणि १८०९ चे कायदे झाले आणि देखरेख खुर्द्याच्या राजाकडे परत गेली. यात्रेकरूंवरचा कर १८४० मध्ये उठला. स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या कायद्यान्वये सेवकांच्या हक्कांची नोंदवही तयार झाली.

राज्ये बदलली तशी कागदांची भाषा बदलली, पण या नोंदींचा सूर एकच राहिला. मूर्ती कशी असावी, हे सरकारी कागद विचारत नाहीत. हे काम कोणाच्या हक्काचे आहे, एवढेच विचारतात. त्यामुळेच ते इतिहासकाराच्या उपयोगाचे आहेत. मूर्तीचे रूप पुरीत हक्कांच्या वाटणीत जपले गेले आहे.

झाडापासून धडापर्यंत

नवकलेवर होते ते अधिक आषाढाच्या वर्षी. विसाव्या शतकात ते १९१२, १९३१, १९५०, १९६९, १९७७ आणि १९९६ मध्ये झाले, त्यानंतर २०१५ मध्ये. बहुतेक अंतरे एकोणीस वर्षांची आहेत, पण १९६९ ची सुभद्रा आठच वर्षे टिकली. तेव्हा मुदत ठरवते ते पंचांग. लाकडाची झीज दुय्यम.

चैत्र शुद्ध दशमीला देवांच्या आज्ञामाळा सेवकांच्या हाती दिल्या जातात आणि पथक चालत निघते. २०१५ मध्ये हा दिवस २९ मार्चला आला. पथकात दैतापती असतात. जगन्नाथाच्या मूळकथेतल्या शबरप्रमुख विश्वावसूचे वंशज अशी त्यांची ओळख. त्याच कथेतल्या विद्यापती ब्राह्मणाच्या वंशातले मानलेले पती महापात्र असतात, सुतार असतात, होम करणारे ब्राह्मण असतात, देवळाचा लिहिणारा करणही असतो. प्राची नदीच्या काठच्या काकटपूरला मुक्काम पडतो आणि तिथल्या मंगळादेवीचा स्वप्नात कौल घेऊन चौघांच्या चार तुकड्या चार दिशांना जातात. विष्णूच्या मूर्तीचे झाड कुठे आहे, हे एका ग्रामदेवीला विचारले जाते.

२०१५ मध्ये सुभद्रेचे झाड जगतसिंहपूर जिल्ह्यातल्या अडंगा इथे ठरले. झाड ठरले की त्याभोवती मांडव पडतो, होम होतो. मग कुऱ्हाडी येतात. आधी सोन्याची छोटी कुऱ्हाड, ती पती महापात्राच्या हाती. मग चांदीची, ती दैतापतीकडे. या दोन्ही झाडाला फक्त टेकवायच्या. शेवटी लोखंडाची, ती सुताराची, आणि खरी तोड तिनेच होते. बृहत्संहितेत एकच कुऱ्हाड आहे. मध आणि तूप लावलेल्या त्या कुऱ्हाडीने पहिला घाव ईशान्येकडून घालायचा आणि झाड पूर्व, ईशान्य किंवा उत्तरेला पडले तर शुभ. आदल्या रात्री झाडाला हात लावून त्यातल्या भूतांना बळी द्यायचा आणि त्यांना दुसरीकडे राहायला जा म्हणून विनवायचे. पुरीत एका कुऱ्हाडीच्या तीन झाल्या आणि तीन वंशांत वाटल्या गेल्या. ब्राह्मण, शबर आणि कारागीर यांचा करारनामा कुठल्या ताम्रपटावर नाही, तो या क्रमात आहे.

लागणारा ओंडका घेऊन उरलेल्या फांद्या, पाने आणि साल तिथेच खड्ड्यात पुरतात. ओंडका वस्त्रात गुंडाळून चार चाकांच्या नव्या लाकडी गाड्यावर चढवतात आणि लोक तो दोरांनी ओढत पुरीला आणतात. देवळाच्या आवारात कोइली वैकुंठ नावाची जागा आहे. नव्या मूर्ती तिथे घडतात आणि जुन्या तिथेच पुरल्या जातात.

घडण होते ती ज्येष्ठातल्या स्नानपौर्णिमेनंतर, पंधरवड्याच्या आत. २०१५ मध्ये स्नानपौर्णिमा २ जूनला होती आणि ब्रह्मपरिवर्तन, म्हणजे जुन्या मूर्तीतले ब्रह्म नव्या मूर्तीत ठेवण्याचा विधी, १५-१६ जूनला झाले. वसंतात तोडलेला कडुनिंब जूनमध्ये तासला जातो. फर्निचर करणारा सुतार लाकूड सुकायला बराच काळ देईल, इथे तेवढी सवड नाही. ओल असलेले लाकूड वाकसाखाली आणि पटाशीखाली सहज जाते, पण पुढे सुकताना आकसते, तडकते. हातांची बोटे, नाकाची धार, दागिन्यांची नक्षी असे बारीक काम त्यात टिकणे अवघड. भरीव डोके आणि भरीव धड टिकते. लाकडाची ही प्रकृती मूर्तीच्या रूपाचे कारण आहे, असे सिद्ध करता येणार नाही. पण रूप आणि लाकूड एकमेकांना सोयीचे आहेत, हे कोणताही सुतार सांगेल. कडुनिंबाची निवडही सोयीची आहे. त्याचा कडूपणा वाळवीला आणि किड्यांना सहसा मानवत नाही आणि समुद्रकाठच्या दमट हवेत ही मोठी जमेची बाजू.

सुतार काम करत असतात तेव्हा निर्माणमंडपात दुसऱ्या कोणाला प्रवेश नसतो आणि पटाशीचा आवाज बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून बाहेर वाद्ये वाजत राहतात. त्याच वेळी शेजारच्या यज्ञमंडपात ब्राह्मणांचे प्रतिष्ठाविधी चालू असतात. ते विधी मूर्तीवर होत नाहीत. ते होतात न्यासदारूवर, म्हणजे त्याच लाकडाच्या लहान तुकड्यांवर. नव्या मूर्तीच्या धडात एक पोकळी ठेवलेली असते. ओडिशाच्या पौर्णिमान्त पंचांगातल्या आषाढ कृष्ण चतुर्दशीच्या रात्री डोळ्यांवर पट्टी बांधून, हातांना कापड गुंडाळून वृद्ध दैतापती जुन्या मूर्तीतले ब्रह्म नव्या मूर्तीत ठेवतात. त्या पोकळीवर जे झाकण बसते ते न्यासदारूचे.

या एका झाकणापाशी थांबायला हवे. वैदिक मंत्रांनी संस्कारित झालेले लाकूड एवढेच. बाकी सगळे धड सुतारांच्या हत्यारांखालून आणि दैतापतींच्या देखरेखीतून गेलेले. ग्रंथाने मूर्तीत प्रवेश केला तो एका फळीच्या रूपाने, आणि ती फळी बसवली ती शबरवंशीयांच्या हातांनी. दोन परंपरांचा समेट कसा घडला असेल, याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा सुभद्रेच्या धडात बसवलेल्या या तुकड्यात आहे.

जुन्या मूर्ती कोइली वैकुंठात पुरल्यावर दैतापती घरातले माणूस गेल्यासारखे दहा दिवस सुतक पाळतात आणि मग मुंडण करतात. पूजकाला देवाचे सुतक नसते. ते नातलगाला असते.

लाकडावरचा देह

तासून झालेली सुभद्रा अजून कोणाला दाखवण्याजोगी नसते. लाकूड म्हणजे हाडे. त्यावर शिरा म्हणून रेशमी दोरे गुंडाळले जातात. मग फुलुरी तेल येते. तिळाच्या तेलात सुवासिक फुले घालून मातीच्या भांड्यात वर्षभर जमिनीत पुरून ठेवलेले हे तेल बडा ओडिया मठाकडून येते. त्यानंतर चंदन, कापूर आणि राळ यांचे लेप, खळीत भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या, पुन्हा लेप. सेवक या थरांकडे मांस आणि कातडे म्हणून पाहतात. सुकताना लाकूड जिथे फुटू पाहते तिथे याच पट्ट्या आणि राळ त्याला आवळून धरतात, हा त्यांचा दुसरा उपयोग.

शेवटी रंग. तो दत्त महापात्र सेवकांचा हक्क. पिवळ्यासाठी हरताळ, तांबड्यासाठी हिंगूळ, पांढऱ्यासाठी शंखाचे चूर्ण, काळ्यासाठी काजळी आणि सगळ्यांना धरून ठेवायला कवठाचा डिंक. सुभद्रेचा चेहरा हरताळाने पिवळा होतो, त्यावर लांबट डोळे येतात. ब्रह्मपुराणातल्या सुवर्णवर्णाची आणि कमलपत्र डोळ्यांची देवी इथे, रंगकाऱ्याच्या हाती, प्रकट होते. सुताराने दिलेल्या अंगात ग्रंथाचे वर्णन नव्हते. ते वरच्या थरात आले.

हे वरचे थर दर वर्षी दुरुस्त करावे लागतात, कारण दर वर्षी ते भिजतात. स्नानपौर्णिमेला चौघांवर मिळून १०८ घागरी पाणी ओतले जाते. जगन्नाथाला ३५, बलभद्राला ३३, सुभद्रेला २२ आणि सुदर्शनाला १८. रंग उतरतो, मूर्ती आजारी पडल्या असे मानून पंधरा दिवस दर्शन बंद राहते. या काळाला अणसर म्हणतात आणि तेवढे दिवस सेवा दैतापतींची. लाकूड बदलते नवकलेवरात, कातडे बदलते दरसाल.

अणसरात भाविकांसमोर तीन रंगवलेले पट टांगतात. त्या पटावरची सुभद्रा भुवनेश्वरीच्या रूपात असते. कमळावर बसलेली आणि चार हातांची. दोन हातांत पाश आणि अंकुश, उरलेले दोन अभय आणि वरद मुद्रेत. ग्रंथाला हवी असलेली देवी पुरीत आहे, पूर्ण हातांनिशी आहे, आणि ती कापडावर आहे. लाकडी देवी नजरेआड असताना तिची पाळी येते आणि लाकडी देवी परतली की तो पट उतरतो. चितारी आणि सुतार दोघेही शतकानुशतके एकाच देवळाची सेवा करत आले, तरी एकाने दुसऱ्याचे रूप उचलले नाही.

अपुरी कोण म्हणते?

साधने क्रमाने मांडली की निष्कर्ष बांधता येतो. सुभद्रेची जागा आणि तिचा वर्ण यांना ग्रंथांचा आधार आहे. तिचे अंग, तिच्या झाडाची लक्षणे, तिचे ठरावीक काळाने बदलणे आणि तिचे सुतक यांची मुळे ओडिशाच्या खांबदेवींच्या मुलखात शोधावी लागतात. या दोन वाट्यांची सरमिसळ होऊ न देता त्यांना एकत्र ठेवले ते सेवकांच्या हक्कांनी, आणि त्या हक्कांची नोंद प्रत्येक राजवटीने स्वतःच्या गरजेपोटी घेतली, भोसल्यांच्या आणि कंपनीच्या अमलातही.

ही वाटणी नाजूक आहे, हे २०१५ मध्ये दिसले. ब्रह्मपरिवर्तनाला रात्रीची वेळ टळून दुसरा दिवस उजाडला, दैतापतींमध्ये हक्कावरून वाद झाले, सरकारने काहींवर कारवाई केली आणि विषय वर्तमानपत्रांतून विधानसभेपर्यंत गेला. श्रद्धावंतांना त्याचे दुःख झाले. इतिहासकाराच्या दृष्टीने मात्र त्या वादाने जुन्याच कागदांचा प्रश्न पुन्हा विचारला : हे काम कोणाचे? पुढचा अधिक आषाढ २०३४ मध्ये आहे आणि तेव्हाही मूर्तीचे रूप याच उत्तरावर अवलंबून असेल.

म्हणूनच सुभद्रेला अपुरी म्हणणे मला पटत नाही. बृहत्संहितेची मापपट्टी लावली तर ती अपुरी ठरते, आणि राणीने उघडलेल्या दाराची कथा त्या मापपट्टीची भलामण करते. पण ज्यांनी तिला घडवले त्यांनी काहीच अर्धवट सोडलेले नाही. दर खेपेला झाड शोधले, तोडले, तासले, पोकळी भरली, झाकण बसवले, दोरे गुंडाळले, लेप दिले, डोळे काढले, आणि जुनीला माती देऊन सुतकही पाळले. या यादीत हात कोरण्याचे काम नाही, आणि ते कोणाच्याही हक्कात नोंदलेले नाही.